उन्नीस-वीस

रविवारी आप्पा प्रयोगशाळा बघायला आले.
बूट दारातच काढले.
म्हटलं, इथे चालतात बूट.
"असू दे. काच आहे सगळीकडे."

एकतीस वर्षं त्यांनी एकच मनोरा सांभाळला,
उलसानच्या बंदराशेजारी, नव्वद मीटर उंच,
पोटात दोनशे तबकं, एकावर एक.
प्रोपेन आणि प्रोपिलीन उकळून वर जायचे,
वर गार होऊन खाली यायचे,
पुन्हा वर, पुन्हा खाली,
कारण दोघांच्या उकळण्यात फरक जेमतेम पाच अंशांचा.
त्या पाच अंशांवर आप्पांची रात्रपाळी,
माझी शाळेची फी, घरातला भात.
"घाई केली की दोघं हातात हात घालून येतात,"
म्हणायचे, बांगड्याचे काटे काढून
माझ्या वाडग्यात ठेवत.

मी त्यांच्या तळहातावर पांढरी चकती ठेवली,
शंभर वॉनच्या नाण्याएवढी.
तिच्यावर स्फटिकांचा थर,
जस्ताच्या खुंट्यांवर ताणलेलं जाळं,
केसाच्या शंभराव्या भागाहून पातळ.
त्याला खिडक्या.
"किती?"
कुणी मोजल्या नाहीत, आप्पा.
"आणि मनोरा कुठे?"
हाच.
ते हसले नाहीत. चकती उलटी करून बघितली,
दोनशे तबकं मागच्या अंगाला असतील तर असतील.

कागदावर ती खिडकी दोघांनाही अपुरी.
मोजपट्टी सांगते, कुणीच आत जाऊ नये.
पण चौकटी पक्क्या नाहीत,
बिजागरीवरच्या दारासारख्या हलतात,
आणि अंग चोरून प्रोपिलीन निसटतं.
प्रोपेनकडे दोनच हायड्रोजन जास्त.
तो उंबऱ्याशी घुटमळतो.
उन्नीस-वीस म्हणतो आपण, आणि सोडून देतो.
इथे त्या विसाव्यापाशीच सगळं अडतं.

बत्तीस चकत्या फुकट गेल्या, हेही सांगितलं.
एका स्फटिकाने शेजाऱ्याकडे पाठ फिरवली
की त्या फटीतून सगळे सारखेच पळतात.
तेहतिसावी चालली.
का, ते मला नीट कळलेलं नाही.
प्रबंधात हे वाक्य नाही.

मग काचेची नळी, तिच्यात साबणाचा बुडबुडा.
पार झालेला वायू त्याला वर ढकलतो,
मी घड्याळ लावते, एवढंच यंत्र.
आधी प्रोपिलीन.
सहा सेकंदांत बुडबुडा रेघ ओलांडून गेला.
मग प्रोपेन.
आम्ही दोघं वाकून.
एक मिनिट.
गन-उ कॉफी घेऊन आला, बघून परत गेला.
तीन मिनिटं.
बुडबुड्यावर खिडकीतला उजेड फिरत होता,
जांभळा, मग हिरवा.
साडेचार.
आप्पांनी नळीला कान लावला.
"आवाज नाही?"
नाही.
"अजिबात?"

मनोरा गुणगुणायचा.
आमच्या खिडक्यांच्या काचा त्या सुरात थरथरायच्या,
आणि आप्पा सुट्टीच्या रात्री झोपेतून उठून म्हणायचे,
पंप बदललाय कुणीतरी.

संध्याकाळी तेह्वा नदीवर गेलो.
बांबूच्या बनावर कावळे उतरत होते,
उत्तरेतून थंडीला आलेले, हजारोंनी,
आभाळ खरवडत.
सगळे काळे. सगळे तेच.
आप्पांनी टोपी कानांवरून वर सारली.
"तो बघ. आणि तो, तारेच्या पलीकडे.
ते यांच्यातले नाहीत.
त्यांची हाक आखूड आहे."
मी बघत राहिले.
मला कावळेच दिसले.

बसमध्ये बराच वेळ गप्प होते.
मग, खिडकीकडे तोंड करून,
"ती तेहतिसावी. उद्याही चालेल?"
बघू, मी म्हटलं.
"पहिल्या वर्षी आम्हीही बघूच म्हणायचो."
खिशात त्यांची बोटं काहीतरी फिरवत होती.
उतरताना दिसलं:
फुकट गेलेल्यांतली एक चकती,
मला न विचारता घेतलेली.